वेर्दिक्क्यो: बाटली निवडण्यापासून ती मुरवण्यापर्यंत

इटलीची पांढरी वाइन मागितली की दुकानदार बहुधा पिनो ग्रीजो पुढे करतो, नाहीतर फेसाळणारी प्रोसेक्को. त्याच देशात, पुष्कळदा त्याच किमतीत, याहून कितीतरी खोल चवीची एक वाइन मिळते. नाव ओळखीचं नसल्यामुळे तिच्याकडे हात जात नाही, एवढंच. वेर्दिक्क्यो हे त्या द्राक्षाचं नाव आणि वाइनचंही. मध्य इटलीत एड्रिआटिक समुद्राला लागून मार्के नावाचा प्रांत आहे, आंकोना ही त्याची राजधानी. या द्राक्षाचं घर म्हणजे हाच प्रांत.

या वाइनवर दोन अन्याय होतात. एक, ती बर्फासारखी गार करून प्यायली जाते. दोन, ती फार लवकर संपवली जाते. पुढे जे सांगितलं आहे ते बरंचसं हे दोन अन्याय टाळण्याबद्दलच आहे.

पहिली पायरी: ही चव आपल्याला हवी आहे का, ते ठरवा

नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ प्यायलेली असेल तर तुलना सोपी जाते. सोव्हिन्योंचा वास पेला नाकाशी नेण्याआधीच येतो. आपल्याकडच्या शेनिनमध्ये पुष्कळदा थोडा गोडवा शिल्लक ठेवलेला असतो. वेर्दिक्क्योत यातलं काही नाही. तिचा वास शांत असतो: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, थोडी बडीशेप, ओल्या बदामाचा हलका गंध. खरी गंमत तोंडात गेल्यावर. आधी लखलखीत आंबटपणा येतो, मग मध्ये एक भरीवपणा जाणवतो, आणि घोट गिळल्यावर शेवटी बदामाच्या सालीसारखा बारीक कडसरपणा मागे राहतो. हा कडसरपणा दोष नव्हे, या द्राक्षाची ती खूण आहे. उत्पादकाचं नाव झाकलं तरी सरावलेला माणूस त्यावरूनच वाइन ओळखतो.

अल्कोहोल साधारण 12 ते 13.5 टक्के. रंग फिकट पिवळा, ताज्या वाइनला किंचित हिरवी झाक. साखर जवळपास नाहीच. गोडसर, आंब्या-अननसाच्या वासाची वाइन आवडत असेल तर ही बाटली घेऊन निराश होऊ नका, दुसरं काही घ्या. पण ताकात मीठ कमी पडलेलं ज्यांना लगेच कळतं, आंबट-खारट चवींवर ज्यांची जीभ पोसलेली आहे, त्यांना ही वाइन पटकन आपलीशी वाटते असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: येझी की मातेलिका?

निवडीचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

वेर्दिक्क्योचे मुख्य प्रदेश दोन. पहिला येझी या गावाभोवतीचा, ‘कास्तेल्ली दी येझी’. रोमन लिपीत हे नाव ‘जे’ या अक्षराने सुरू होतं, पण दुकानात विचारताना ‘येझी’ म्हणा. सम्राट दुसरा फ्रेडरिक 1194 मध्ये जन्मला तो याच गावात, आणि संगीतकार पेर्गोलेसी 1710 मध्ये. भोवतीच्या टेकड्यांवर तटबंदी असलेली छोटी गावं आहेत, ती कधीकाळी येझीच्या अमलाखाली होती. त्या गावांवरूनच प्रदेशाचं नाव पडलं. एपिनाइन पर्वतातून निघालेली एझिनो नदी या टेकड्यांमधून वाहत समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून समुद्राचा वारा वर चढतो, त्यामुळे उन्हाळा फार कडक होत नाही आणि हिवाळाही सौम्य राहतो.

नदीच्या दोन काठांतही फरक आहे. उजव्या काठावर कुप्रामोंताना, स्ताफ्फोलो ही गावं उंचावर आणि थंड, तिथली वाइन जास्त ताठ आणि खारट. डाव्या काठावर मोंतेकारोत्तो, सेर्रा दे कोंती वगैरे, तिथली सहसा अधिक भरलेली आणि गोलसर. लेबलवर काठाचं नाव नसतं. उत्पादकाचं गाव मात्र बारीक अक्षरात असतं आणि नकाशावर ते शोधायला एक मिनिट पुरतं. हा छंद लावून घ्यावा असा आहे, कारण चवीतला फरक मग जमिनीशी जोडता येतो.

दुसरा प्रदेश मातेलिका. तो आत, डोंगरात आहे आणि येझीच्या मानाने फारच छोटा. मार्केतल्या बहुतेक नद्यांची खोरी पर्वताकडून समुद्राकडे उतरतात. मातेलिकाचं खोरं मात्र उत्तर-दक्षिण पडलेलं आहे, म्हणजे किनाऱ्याला समांतर. समुद्र आणि या खोऱ्याच्या मध्ये 1479 मीटर उंचीचा मोंते सान विचिनो उभा आहे. समुद्राची ऊब इथपर्यंत पोचत नाही. दिवसा कडक ऊन, रात्री चांगलाच गारवा. द्राक्षात साखर भरत जाते, पण रात्रीच्या थंडीमुळे आम्ल जळून जात नाही. म्हणून मातेलिकाची वाइन एकाच वेळी ताकदवान आणि धारदार लागते.

थोडक्यात निवड अशी करा. वेर्दिक्क्यो पहिल्यांदाच घेत असाल आणि मासे-भजी असं जेवण ठरलं असेल, तर येझी घ्या. आंबटपणा तुम्हाला मनापासून आवडत असेल, किंवा बाटली काही वर्षं ठेवायची असेल, तर मातेलिका. मला स्वतःला मातेलिकाचा ओढा जास्त आहे, पण ती येझीपेक्षा दुकानात कमी दिसते.

हेच द्राक्ष इतरत्र वेगळ्या नावाने वावरतं, हेही जाता जाता सांगतो. व्हेनेतोमधलं त्रेब्बियानो दी सोआवे आणि गार्दा सरोवराकाठच्या लुगाना वाइनमधलं तुर्बियाना ही दोन्ही जनुकीय तपासणीत वेर्दिक्क्योच ठरली. म्हणजे लुगाना आवडली असेल तर तुमची या द्राक्षाशी ओळख आधीच झालेली आहे.

तिसरी पायरी: लेबल वाचा

आधी बाटलीच्या आकाराबद्दल. एखाद्या दुकानात कमरेत बारीक आणि वर-खाली फुगीर, जुन्या ग्रीक सुरईसारखी हिरवी बाटली दिसेल. 1953 मध्ये फात्सी बत्ताल्या या कंपनीसाठी आंतोनियो मायोक्की या वास्तुविशारदाने ती घडवली. तिने वेर्दिक्क्यो जगभर पोचवली आणि त्याच वेळी तिचं नुकसानही केलं. पिझ्झाच्या दुकानात मिळणारी स्वस्त, मजेशीर बाटलीतली वाइन अशी प्रतिमा झाली, ती पुसायला चांगल्या उत्पादकांना कित्येक वर्षं लागली. आज चांगली वेर्दिक्क्यो साध्या, सरळ बाटलीत मिळते. आकारावरून काहीच ठरवू नका.

लेबलवर प्रदेशाच्या नावाशेजारी ‘डीओसी’ किंवा ‘डीओसीजी’ ही अक्षरं असतात. हा इटलीतला प्रमाणित-प्रदेशाचा शिक्का. मातेलिकाला डीओसी 1967 मध्ये मिळालं, येझीला 1968 मध्ये. दोन्हीकडच्या ‘रिझेर्वा’ वाइनला 2009-10 च्या सुमारास वरचा, म्हणजे डीओसीजी दर्जा मिळाला. नियमाप्रमाणे बाटलीत किमान 85 टक्के वेर्दिक्क्यो हवी. चांगले उत्पादक बहुतेक वेळा शंभर टक्केच वापरतात.

आता येझीच्या बाटलीवरचे तीन शब्द लक्षात ठेवा. ‘क्लास्सिको’ म्हणजे मूळच्या, जुन्या गावांच्या हद्दीतली द्राक्षं. ‘क्लास्सिको सुपेरियोरे’ म्हणजे त्याच हद्दीतली, पण हेक्टरी कमी उत्पादन घेतलेली. साध्या वाइनला हेक्टरी 14 टनांपर्यंत मुभा आहे, सुपेरियोरेला 11 टनांपर्यंत. द्राक्षशेती जवळून पाहिलेल्याला याचा अर्थ सांगायला नको: वेलीवर घड कमी ठेवले की प्रत्येक घडात जीव जास्त येतो. तिसरा शब्द ‘रिझेर्वा’. ही किमान 18 महिने मुरवलेली असते, त्यातले किमान सहा महिने बाटलीत.

माझ्या मते पैशाचं खरं चीज होतं ते क्लास्सिको सुपेरियोरेमध्ये. साधी क्लास्सिको इटलीतल्या दुकानात साधारण 6 ते 9 युरोला मिळते, सुपेरियोरे 9 ते 15 च्या आसपास. त्या तीन-चार युरोंत वाइनचा पोत बदलतो. रिझेर्वा 20 च्या पुढे सुरू होते, ती दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला ठेवा.

मागच्या लेबलवर आणखी दोन गोष्टी पाहा. ‘इंबोत्तिल्यातो आल्लोरिजिने’ असं असेल तर वाइन जिथे झाली तिथेच बाटलीत भरली गेली आहे. दुसरी गोष्ट शाकाहारी वाचकांसाठी. वाइन स्वच्छ, नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. अंडं आणि दूध यांचा अंश उरला असेल तर युरोपात ते लेबलवर लिहावं लागतं. माशापासूनच्या पदार्थाला मात्र त्यातून सूट आहे. म्हणून काटेकोर शाकाहारी असाल तर स्पष्टपणे ‘व्हीगन’ लिहिलेली बाटलीच घ्या. 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनवर घटकांची माहिती देणं युरोपीय संघात सक्तीचं आहे. पुष्कळदा ती क्यूआर कोडमागे असते, फोनने उघडून पाहा.

चौथी पायरी: उत्पादक आणि साल

या प्रांतात काही नावं वर्षानुवर्षं भरवशाची राहिली आहेत. येझीकडे बुच्ची: मोठ्या, जुन्या लाकडी पिंपांत मुरवलेली त्यांची ‘व्हिल्ला बुच्ची रिझेर्वा’ ही वेर्दिक्क्यो किती उंची गाठू शकते याचं माप मानली जाते, आणि किंमतही तशीच आहे. उमानी रोंकीची ‘कासाल दी सेर्रा’ आणि गारोफोलीची ‘पोदियुम’ या सुपेरियोरे जास्त ठिकाणी मिळतात. पोदियुम लाकडाला न लावता केलेली असते, त्यामुळे द्राक्षाचीच चव समजून घ्यायला ती उत्तम. सार्तारेल्ली फक्त वेर्दिक्क्योच करतात, आणि पियेवाल्ता जैवगतिक (बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रियच पण अधिक काटेकोर) पद्धतीने शेती करतात.

मातेलिकाकडे कोल्लेस्तेफानो. किंमत माफक, चव सुरीसारखी सरळ. पहिली मातेलिका म्हणून मी हीच सुचवेन. ला मोनाचेस्काची ‘मीरुम’ उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, भारदस्त असते. बेलिसारियो ही सहकारी संस्था आहे. सहकारी म्हटलं की साधी वाइन, असा समज असेल तर त्यांची ‘कांब्रुजानो’ रिझेर्वा पिऊन पाहा.

सालाचं फार अवडंबर नको. वेर्दिक्क्यो उशिरा पिकते, तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. 2017 आणि 2022 ही उष्ण, कोरडी वर्षं होती, त्या वाइन जास्त भरलेल्या आणि थोड्या सैल असतात. 2023 मध्ये पावसाळी वसंतामुळे मध्य इटलीच्या एड्रिआटिक बाजूला डाउनी मिल्ड्यूने, म्हणजे आपल्या द्राक्षबागायतदारांच्या भाषेत डावणीने, थैमान घातलं आणि उत्पादन फार घटलं. दुकानात पाहायचं ते एवढंच: साधी क्लास्सिको असेल तर साल ताजं हवं, दोन-तीन वर्षांहून जुनं नको. सुपेरियोरे किंवा मातेलिका चार-पाच वर्षांची दिसली तर घाबरू नका, उलट आनंदाने उचला. मात्र ती बाटली खिडकीतल्या उन्हात किंवा दिव्याखाली उभी नसावी.

पाचवी पायरी: मिळवायची कुठून

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना अडचण नाही, इटालियन वाइनच्या कुठल्याही बऱ्या दुकानात एखादी वेर्दिक्क्यो असतेच. मुंबई-पुण्यात पर्याय कमी, आणि आयातीच्या करांमुळे इटलीत दहा युरोला असलेली बाटली इथे कितीतरी महाग पडते. इटलीहून कुणी येत असेल तर भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या निर्धास्त. त्यांना एक येझी सुपेरियोरे आणि एक मातेलिका आणायला सांगा, साल शक्यतो एकच. त्या दोन बाटल्यांचं काय करायचं ते सातव्या पायरीत आहे. बाटल्या चेक-इन सामानात मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात.

सहावी पायरी: किती गार करायची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि चूक सुधारायला एक पैसाही लागत नाही.

घरच्या फ्रीजमध्ये साधारण 4 अंश सेल्सिअस तापमान असतं. त्या तापमानाला वेर्दिक्क्योचा मुळातच शांत असलेला वास पूर्ण मिटतो. जिभेवर राहतो फक्त आंबटपणा आणि कडसरपणा. मग माणूस म्हणतो, ‘ही तर नुसती आंबट आहे.’ ती नुसती आंबट नसते, गारठलेली असते.

साधी क्लास्सिको 8 ते 10 अंशांना छान लागते. सुपेरियोरे आणि मातेलिका 10 ते 12. रिझेर्वा तर 12 ते 14 पर्यंत चढू द्यावी. हे मोजायला थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तर घड्याळ पुरे. रात्रभर फ्रीजमध्ये असलेली बाटली प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, रिझेर्वा असेल तर अर्धा तास. एप्रिल-मेच्या उकाड्यात हा वेळ निम्मा करा, कारण पेल्यात ओतल्यावर वाइन झपाट्याने तापते. अशा दिवसांत पेल्यात थोडी थोडी ओता आणि बाटली गार ठेवा.

ऐन वेळी पाहुणे आले आणि बाटली कपाटातच असेल, तर फ्रीझरच्या वाटेला जाऊ नका. बाटली तिथे विसरली की वाइन गोठते, बूच वर ढकललं जातं, काच फुटायचीही भीती असते. त्यापेक्षा एक खोल पातेलं किंवा बादली घ्या, निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घाला, मूठभर मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांत मध्ये हवा राहते, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडतं, म्हणून ते वेगाने गार करतं. मिठाने बर्फाळ पाण्याचं तापमान आणखी उतरतं. वीस-पंचवीस मिनिटांत बाटली पिण्याजोगी होते. पेल्यात बर्फ मात्र घालू नये. आंबटपणाची ती सुरेख रेघ पाण्याने पुसली जाते.

सातवी पायरी: पेला, आणि दोन बाटल्यांचा अभ्यास

पेला मध्यम आकाराचा, तोंडाशी थोडा निमुळता हवा. एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. वास साठायला वर जागा लागते.

आता त्या दोन बाटल्या. येझी आणि मातेलिका एकाच वेळी उघडा, दोन पेल्यांत शेजारी शेजारी ओता, दोन्हींचं तापमान सारखं ठेवा. आधी पेला न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. येझीमध्ये सहसा पीच, सफरचंद, कधी पिवळ्या फुलांचा वास येतो. मातेलिकात लिंबू, बडीशेप, ओल्या दगडासारखं काहीतरी. मग छोटा घोट घ्या आणि तो तोंडात चार-पाच सेकंद सगळीकडे फिरू द्या. कडांना लाळ सुटते का, किती सुटते, ते पाहा: लाळ जितकी जास्त, आम्ल तितकं जास्त. मग गिळून थांबा. बदामाचा कडसरपणा येईपर्यंत दुसरा घोट घेऊ नका. काही वेळा तो दहा सेकंदांनी येतो.

जे जाणवलं ते मराठीतच लिहून ठेवा. पुस्तकी यादीतल्या परदेशी फळांशी जुळवत बसायची गरज नाही. मला स्वतःला या वाइनमध्ये कच्च्या कैरीची साल, गवती चहा आणि ओल्या काजूगराचा वास आलेला आहे. तो मार्केतल्या माणसाला येणार नाही, पण म्हणून खोटा ठरत नाही.

दोन्ही पेल्यांत थोडी वाइन राखून तासाभराने पुन्हा चाखा. बहुतेक वेळा मातेलिका त्या तासात जास्त खुलते. आम्लाने घट्ट बांधलेली वाइन हवा लागल्यावर सैल होते, हे इथे स्वतःच्या जिभेवर कळतं.

आठवी पायरी: सोबत काय वाढायचं

मार्केच्या किनाऱ्यावर लोक काय खातात तिथून सुरुवात करू, कारण ही वाइन त्या जेवणाबरोबरच वाढली आहे. आंकोनाचा ब्रोदेत्तो म्हणजे परंपरेने तेरा प्रकारचे मासे घालून केलेला रस्सा, त्यात टोमॅटो आणि व्हिनेगर. स्तोक्काफिस्सो म्हणजे नॉर्वेहून येणारा काठीसारखा वाळलेला कॉड मासा. तो काही दिवस भिजवून बटाटे, टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवतात, आणि भांड्यात वेर्दिक्क्योही ओततात. आस्कोलीची तळलेली भरली ऑलिव्ह, जंगली बडीशेप घालून शिजवलेला ससा, विंचिसग्रास्सी नावाचा थरांचा जाडजूड पास्ता. यातून तीन सूत्रं निघतात: आंबट रस्सा, तळलेलं, आणि बडीशेपेचा वास. तिन्हींना ही वाइन पेलते.

पहिल्याचं कारण समजून घ्या. पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की वाइन पाणचट लागते. वेर्दिक्क्योत आम्ल भरपूर, त्यामुळे टोमॅटो, लिंबू, कोकम यांच्यासमोर ती टिकून राहते. तळलेल्याच्या बाबतीत हेच आम्ल तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतं. म्हणून रव्यात घोळवून तळलेले बोंबील आणि ही वाइन यांची जोडी मला आजवर मिळालेल्या उत्तम जोड्यांपैकी वाटते. कोथिंबीर वडी, कांदाभजी, सुरळीची वडी यांच्याबरोबरही ती खुलते.

जमत नाही तेही सांगतो. तिखटजाळ मालवणी रस्सा किंवा कोल्हापुरी तांबडा घेतला की शेवटचा कडसरपणा नको इतका वाढतो, मिरचीची आगही अल्कोहोलने भडकते. गुळाची आमटी, गूळ-चिंचेची अळुवडी यांच्या गोडव्यापुढे वाइन आंबट आणि उघडी पडते. तिसऱ्या कमी तिखट, ओल्या खोबऱ्यात केल्या तर जमतात, लाल वाटणात नाही.

एक पदार्थ घरी करून पाहाच. आंकोनाच्या दक्षिणेला कोनेरो डोंगराखाली पोर्तोनोव्हो नावाची जागा आहे. तिथल्या खडकांवर वाढणाऱ्या जंगली शिंपल्यांना स्थानिक लोक मोश्शोली म्हणतात. आपल्या कोकणातली शिणाणी त्याच कुळातली. चार जणांसाठी किलोभर शिणाणी घ्या. काथ्याने घासून, धागे ओढून काढा. उघडं शिंपलं टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या. रुंद पातेल्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल तापवा, तीन-चार लसूण पाकळ्या ठेचून घाला, त्या लाल होऊ देऊ नका. शिणाणी टाका, वरून साधारण 100 मिली वेर्दिक्क्यो ओता, झाकण घट्ट लावा आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. मध्ये एकदा पातेलं हलवा. शिंपले उघडले की आच बंद. न उघडलेले काढून टाका. पार्सली चिरून घाला, मिरपूड घाला, मीठ घालू नका, शिंपल्यांचं पाणीच पुरेसं खारट असतं. तळाशी उरलेला रस पावाने पुसून खायचा. स्वयंपाकाला महागडी रिझेर्वा नको, साधी क्लास्सिको वापरा आणि तीच पेल्यातही घ्या.

नववी पायरी: उरलेली बाटली आणि काही शंका

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. मातेलिका पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, हे मुद्दाम पाहा. तळाशी साखरेच्या कणांसारखे पांढरे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे स्फटिक असतात, थंडीने तयार होतात, निरुपद्रवी असतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर बूच खराब निघालं आहे, दुकानदाराकडे परत न्या. ताज्या सालाची वाइन तपकिरी पिवळी दिसली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास आला, तर ती उष्णतेने किंवा हवेने गेलेली आहे.

दहावी पायरी: थांबणं

आता दुसरा अन्याय. पांढरी वाइन ताजीच प्यावी, हे बहुतेक पांढऱ्या वाइनला लागू आहे, चांगल्या वेर्दिक्क्योला नाही. तिच्यातलं आम्ल आणि तो मधला भरीवपणा तिला वर्षानुवर्षं उभी ठेवतात. क्लास्सिको सुपेरियोरे आणि साधी मातेलिका पाच-सहा वर्षं सहज जातात, चांगली रिझेर्वा दहा आणि त्याहून जास्त. या काळात लिंबू मागे सरतं आणि कॅमोमाइल, वाळलेलं गवत, मध, भाजलेला बदाम पुढे येतात. साखर अजूनही नसतेच, तरी मधाचा वास येतो. पहिल्यांदा हे चाखलं की चकित व्हायला होतं.

त्यासाठी जागा हवी. बाटली 12 ते 15 अंशांना, अंधारात, हादऱ्यांपासून दूर ठेवावी लागते. नैसर्गिक बूच असेल तर आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. मुंबई, नागपूर, पणजी, कुठेही कपाटात वर्षभर ठेवलेली वाइन उन्हाळ्यात शिजते, तिथे मुरवण्याचा प्रश्नच येत नाही. वाइनचा छोटा फ्रीज असेल तरच हा उद्योग करा. नसेल तर घरच्या फ्रीजच्या तळाच्या खणात काही महिने ठेवा आणि पिऊन टाका. ब्रिटन, जर्मनी अशा थंड देशांत राहणाऱ्या मराठी माणसांना तळघर किंवा जिन्याखालची थंड जागा मिळते, त्यांनी ही संधी सोडू नये.

शक्य असेल तर एकाच सालाच्या, एकाच रिझेर्वाच्या तीन बाटल्या घ्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधा: पहिली या वर्षी, दुसरी तीन वर्षांनी, तिसरी सहा वर्षांनी. पहिली उघडाल तेव्हा वास, आंबटपणा आणि शेवटचा कडसरपणा यांवर दोन-तीन ओळी लिहा आणि तो कागद उरलेल्या दोन बाटल्यांबरोबरच ठेवा, म्हणजे दुसरी उघडताना तुलनेला हाताशी असेल. दुसरीमध्ये आंबटपणा अजून पहिल्याइतकाच ताठ वाटला, तर तिसरीची तारीख आणखी दोन वर्षं पुढे ढकला.